पोटभर हवा

अहो, मला अजून रडू आलेलं नाही, आणि ते लोकांना खटकतंय. भेटायला येणाऱ्या बायका आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग तुमच्या बहिणीच्या, वन्संच्या, गळ्यात पडून रडतात आणि उठून जातात. परवा शेजारच्या काकू स्वयंपाकघराच्या दारात कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या, "सिस्टर आहे ना ती. हॉस्पिटलात त्यांना रोजचंच असतं." मी मोरीत भांडी विसळत होते. राग यायला हवा होता. तोही आला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लोड जास्त झाला की मोटर ट्रिप होते, सुधा. जळण्यापेक्षा बरं." तुमची सगळी उदाहरणं कारखान्यातली असायची.

तर सध्या मी ट्रिप झालेली आहे असं समजा. हातपाय चालतायत. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करते. कुणी काही विचारलं तर उत्तर देते. आणि मनातल्या मनात तुमच्याशी बोलते, कारण आपलं बरंच बोलणं अर्धवट राहिलंय. शेवटी शेवटी तुम्हाला एक वाक्य पुरं करायला मधे थांबून श्वास घ्यावा लागायचा, आणि तेवढ्यात मी उत्तर देऊन मोकळी व्हायचे. तुम्ही हात हलवून "जाऊ दे" म्हणायचात. काय जाऊ द्यायचं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

आपली पहिली भेट तुम्ही सगळ्यांना चुकीची सांगायचात. मी उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात नुकतीच लागले होते आणि तुमचे वडील दम्याचा अटॅक येऊन पुरुषांच्या वॉर्डात भरती झाले होते. नवा ऑक्सिजनचा सिलिंडर आला होता आणि त्याचा व्हॉल्व्ह काही केल्या फिरेना. आमच्या आयाबाईंनी कुणाच्या तरी लॉकरवरची खोबरेल तेलाची बाटली उचलली, बोटावर तेल घेतलं आणि व्हॉल्व्हला लावायला वाकल्या. "तेल नको." हे दोन बाजूंनी एकदम आलं. एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसलेले तुम्ही. आयाबाई इतक्या दचकल्या की बाटलीच हातातून पडली. मग सगळा वॉर्ड खोबरेलाच्या वासात दोन दिवस न्हाला.

तुमचं म्हणणं, आधी तुम्ही बोललात. माझं म्हणणं, आधी मी. लग्नानंतरही हा वाद चालू राहिला. कुणी पाहुणे आले की तुम्ही मुद्दाम तो विषय काढायचात आणि माझ्याकडे बघायचात.

फरशी पुसून झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "ऑक्सिजनला तेल चालत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"नर्सिंगला शिकवतात. दाबाखाली तेल-तूप आपोआप पेटतं म्हणून. तुम्हाला?"

"मी अंबरनाथला केमिकल फॅक्टरीत इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे. आम्हालाही पहिल्याच आठवड्यात हेच सांगतात."

मग तुम्ही तो व्हॉल्व्ह कोरड्या फडक्यानं धरून फिरवून दिलात. मी तुमच्या वडिलांना मास्क लावला, रबर कानांमागून नेलं आणि खाली कापसाची घडी ठेवली. तुम्ही बघत होतात. नंतर कधीतरी म्हणालात की त्या कापसाच्या घडीमुळे मला मागणी घातलीत. मला ते खरं वाटलं नव्हतं. आज वाटतंय, असेलही.

अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरचं आपलं घर. दोघांच्या दोन शिफ्ट. तुमची सेकंड शिफ्ट असली की माझी सकाळची ड्यूटी हटकून यायची. किल्ली शेजारी ठेवायची, भाजी झाकून ठेवायची, आणि एकमेकांना झोपलेलं बघायचं. मूल झालं नाही. सुरुवातीला त्याबद्दल बोलायचो, मग बोलायचं थांबवलं. तुम्ही गॅलरीत उभं राहून सिगारेट ओढायचात. मी आतून म्हणायचे, "तुमच्या वडिलांची छाती बघितलीये मी." तुम्ही म्हणायचात, "त्यांनी आयुष्यात विडी ओढली नाही. मग त्यांना का झालं?" मी गॅलरीचं दार लावून घ्यायचे.

तुमचा दम मला पहिल्यांदा कळला तो शिवमंदिरात. सोमवार असूनही फारशी गर्दी नव्हती. गाभाऱ्यात उतरताना तुम्ही माझ्या पुढे होतात. पिंडीवर बेल वाहिला, वर निघालो, आणि पायऱ्यांच्या मधोमध तुम्ही भिंतीला हात लावून उभे राहिलात. मागे दोघं-तिघं खोळंबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"कोरीवकाम बघतोय," तुम्ही म्हणालात.

तिथे अंधार होता आणि भिंत साधी होती. तुमच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, गळ्याच्या वरचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. मी नर्स होते, मला ते वाचता येत होतं. बायको म्हणून मात्र मीही त्या भिंतीकडे बघत राहिले, जणू खरंच तिथे काही कोरलेलं आहे.

त्यानंतर सगळं उतरणीवरच्या गाडीसारखं झालं. मुंबईला तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, सिगारेट. तुम्ही म्हणालात, कारखान्यातला धूर. मी म्हणाले, दोन्ही. तिघांनीही आपापलं म्हणणं शेवटपर्यंत सोडलं नाही. तुम्ही सिगारेट मात्र सोडलीत. एक दिवस पाकीट कचऱ्याच्या डब्यात दिसलं, त्यावर चहाचा चोथा. कौतुक करायला हवं होतं. मी डबा खाली नेऊन रिकामा केला.

दुसरा मजला चढवेना म्हणून आपण बदलापूरला, बेलवलीत तळमजल्यावर आलो. तुम्ही नोकरी सोडलीत. गावाकडून वन्सं आल्या, त्या राहिल्याच. त्या गावात शेती बघणाऱ्या, विधवा झाल्यापासून एकट्या. तुम्ही त्यांना अक्का म्हणायचात आणि त्या तुम्हाला अजून अरूच म्हणायच्या. आणि घरात पहिल्यांदा ऑक्सिजनचा सिलिंडर आला. उल्हासनगरला सिलिंडर भाड्यानं देणाऱ्या लछूशेठनी तो टेम्पोतून पाठवला, आणि स्वतः मागून आले. "भाभी, साईं को बोलो, खडा रखना, बांधके रखना," ते मला सांगत होते; साईं म्हणजे तुम्ही. तेवढ्यात तुम्ही पलंगावरून उठून साखळी मागवलीत आणि खिडकीच्या गजाला सिलिंडर स्वतः बांधलात. दम लागला, तरी बांधलात. त्या दिवशी तुम्ही खूश होतात. किती दिवसांनी हातात पाना आला होता.

घरात मग माझे नियम सुरू झाले. त्या खोलीत काडी ओढायची नाही, उदबत्ती नाही, दिवा नाही. स्वयंपाकघराचं दार लावूनच शेगडी पेटवायची. ऑक्सिजन ओलसर होऊन यावा म्हणून लावलेल्या बुडबुड्यांच्या बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, उकळून गार केलेलं. नाकात घातलेल्या नळीनं तुमच्या नाकपुड्या सोलवटल्या तेव्हा वन्सं तुपाचं बोट घेऊन आल्या.

"वन्सं, तूप नको. ऑक्सिजनजवळ तेल-तूप काहीच नको."

"अगो, पोरपणापासून लावते त्याला. काय व्हनार तुपानं?"

मी वॉर्डातून पाण्यात विरघळणारी जेली आणली. वन्संना ती ओलसर वस्तू औषध वाटेना. त्या तुपाची वाटी घेऊन दारात बराच वेळ उभ्या होत्या. मग ती वाटी त्यांनी तुमच्या भातावर ओतली. "आतून तरी जाऊंदे," म्हणाल्या. तुम्ही हसलात आणि हसताना खोकलात.

आणि नॉब. आपलं सगळ्यात मोठं भांडण त्या नॉबचं. सिलिंडरवरच्या काचेच्या नळीतली, ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी ती लहानशी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेवर ठेवायची, वर नाही. मी ड्यूटीवरून आले की गोळी वर गेलेली असायची. मी खाली आणायचे. तुम्ही बघत राहायचात.

"सुधा, माझी लाइन चोकअप झालीये. लाइन चोकअप झाली की फ्लो वाढवायचा असतो. साधं गणित आहे."

"तुमचं गणित पाइपाचं आहे. तुमच्या आत वर्षानुवर्षं वाईट हवा साठून राहिलीये, मेंदूला तिची सवय झालीये. त्याला आता ऑक्सिजन कमी पडतोय एवढंच कळतं, म्हणून तो श्वास घ्यायला लावतो. भरपूर दिला तर तो म्हणेल, आता कशाला कष्ट करू? मग श्वास मंद होतो, वाईट हवा आणखी साठते आणि माणूस गुंगीत जातो. आणि झोप लागलीये असं सगळ्यांना वाटतं."

"म्हणजे कमी घेतला तर गुदमरायचं आणि जास्त घेतला तर झोपायचं."

"हो."

"तू माझी हवा रेशनवर ठेवलीयेस."

हे तुम्ही हसत म्हणाला होतात. नंतर हसणं कमी होत गेलं, वाक्य तेच राहिलं.

गणपतीचंही असंच झालं. दरवर्षीप्रमाणे घरी गणपती बसवायचा आणि तो तुमच्या खोलीतच, असं तुम्ही आणि वन्संनी ठरवलं होतं. मी म्हणाले, बसवा, पण निरांजन आणि कापूर नाही. लछूशेठनी उल्हासनगरच्या बाजारातून विजेची समई पाठवली, लाल बल्बची. ती बघून वन्संनी कपाळाला हात लावला. "देवाला बलप ओवाळायचा?"

तुम्ही म्हणालात, "आरतीपुरता सिलिंडर बंद कर. दहा मिनिटं मी तसाच बसेन."

"नुसता बंद करून भागत नाही. तुमच्या चादरीत, शर्टात ऑक्सिजन मुरलेला असतो. तुम्हीच सांगितलंत ना, कारखान्यात असे कपडे उघड्यावर झटकून वाळवायला लावतात म्हणून?"

शेवटी गणपती बाहेरच्या ओट्यावर बसला आणि तुम्ही आत, बंद खिडकीच्या काचेमागे. सगळी बिल्डिंग जमली. वन्संनी ओवाळताना ताट मुद्दाम काचेजवळ नेलं. तुम्ही आतून टाळ्या वाजवत होतात, त्या आम्हाला ऐकू येत नव्हत्या. आरती झाल्यावर मी प्रसाद घेऊन आत आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "देव बाहेर आणि मी आत."

"पुढच्या वर्षी काहीतरी बघू," मी म्हणाले. पुढच्या वर्षीचं मी अगदी सहज बोलले.

आता त्या दुपारबद्दल. तिच्याबद्दल आपण कधीच नीट बोललो नाही.

माझी सकाळची ड्यूटी होती. घरी आले तर वन्सं तुमच्या उशाशी बसून पंखा घालत होत्या. चेहरा अगदी निवांत. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. कधी नाय ते शांत झोपलाय बघ."

तुमच्या तोंडावर मास्क होता. मागच्या वेळी हॉस्पिटलातून सामानाबरोबर आलेला साधा मास्क, जो मी कपाटात ठेवला होता. गोळी नळीच्या अगदी वर जाऊन टेकली होती. तुमचे गाल कधी नव्हे ते गुलाबी दिसत होते. हात गरम, कपाळाला घाम, नाडी हाताखाली उड्या मारणारी. श्वास मात्र मोजायला लागावा इतका सावकाश. मी तुम्हाला हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. खांदा हलवला. तुम्ही डोळे किलकिले केलेत आणि हसलात. तुमचं तसं हसू मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत बघितलं होतं.

"सुधा," तुम्ही मास्कच्या आतून म्हणालात, "आज पोटभर हवा मिळाली गं."

मी मास्क काढला, नाकातली नळी परत लावली आणि गोळी खाली आणली, रोजच्या रेघेवर.

वन्संना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. "काय झाला गो? तो तोंडानं श्वास घेत होता, म्हणून मी मास लावला. नळीनं काय पोचतंय त्याला? आनि थोडा वाढवला." मग एकदम म्हणाल्या, "काढून टाक ना मग सगळा."

"नाही वन्सं, एकदम काढायचाही नाही. तेही वाईट. तुम्ही वाण्याच्या दुकानातून डॉक्टरांना फोन करा. म्हणावं, गुंगीत गेलेत, लगेच या. आणि अँब्युलन्स घेऊन या."

त्या अनवाणी धावल्या.

मी तुम्हाला पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले, पुढे टेबल ओढून त्यावर उशा ठेवल्या आणि तुमचे हात त्यावर टेकवले. तुमची मान पुन्हापुन्हा पडत होती. हात सरळ धरायला सांगितले तर पंजे फडफडले. मी घाबरले होते, पण ते कुठेतरी लांब होतं. समोर फक्त एक काम होतं. तुम्हाला झोपू द्यायचं नव्हतं.

"श्वास घ्या. घ्या. आता सोडा, ओठ आवळून. परत घ्या."

"झोपू दे."

"नाही. आधी माझ्याशी भांडा."

"कशावरून?"

"सिगारेटवरून. तुमची छाती सिगारेटनं गेली."

तुम्ही मान न उचलता म्हणालात, "कारखान्यानं."

"सिगारेटनं."

"आमच्या शेडमधले तिघं... त्यातला एक तर... सुपारीसुद्धा खात नव्हता."

"त्यांचं मला सांगू नका. तुमचं सांगा. दिवसाला किती ओढायचात?"

"तू मोजायचीस... तूच सांग."

असं आपण भांडत होतो. प्रत्येक वाक्याआधी मी तुम्हाला श्वास घ्यायला लावत होते. तुम्ही रागावलात की श्वास जरा खोल जायचा, म्हणून मी आणखी चिडवत होते. तुमच्या आईच्या पुरणपोळीला नावं ठेवली. तुमच्या मित्रांना ठेवली. डॉक्टर आले तेव्हा तुम्ही मला "तुला काय कळतं" असं स्पष्ट म्हणालात, आणि डॉक्टर दारातच थांबून म्हणाले, "छान. चालू राहू दे."

हॉस्पिटलात नेलं, छिद्रांचा मास्क लावला, ज्यातून हवा आणि ऑक्सिजन ठरलेल्या प्रमाणातच मिसळून येतो. तुम्ही निभावलात. काही दिवसांनी घरीही आलात.

घरी आल्यावर दोन गोष्टी झाल्या. वन्संनी मला मोरीपाशी गाठून सांगितलं, "मीच वाढवला. त्यानं नाय सांगितला. त्याला शुद्ध कुठं होती?" आणि त्याच संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "अक्काला काही बोलू नकोस. मीच तिला वाढवायला सांगितलं. मास्कसुद्धा मीच मागितला."

तुमच्या दोघांतलं कोणीतरी एक खोटं बोलत होतं. लहानपणी आंबे चोरताना पकडले गेलात की तुम्ही दोघं असंच करायचात, असं वन्सं एकदा सांगत होत्या. कोणी कोणाला वाचवलं ते मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायला तुम्ही नाही आहात, आणि वन्संना मी विचारणार नाही.

मला छळतं ते दुसरंच. तुमचं ते हसू. मी जे केलं ते बरोबर होतं, उद्या परत तसंच करीन. पण इतक्या महिन्यांत तुम्हाला पहिल्यांदा बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणंच तुम्हाला घेऊन चाललं होतं. मी ते तुमच्याकडून काढून घेतलं. त्यानंतर तुम्ही कधी नॉबला हात लावला नाहीत, कधी रेशनचं वाक्य बोलला नाहीत. मला वाटलं, पटलं असेल. की थकला होतात?

शेवटचं आजारपण लांबलं नाही. माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच वॉर्डात. श्वासाच्या मशीनसाठी मुंबईला न्यायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही परत नाही म्हणालात, तेवढंच ठाम. मग डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, आता रेघेचं बघू नका. त्यांना बरं वाटेल तेवढा द्या."

सकाळची वेळ होती. राउंड होऊन गेला होता, पलीकडच्या बेडवर कुणीतरी इडली खात होतं. मी तुमच्याजवळ आले आणि नॉबवर हात ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, वर फिरवायला.

तुम्ही माझं मनगट धरलंत.

"नको."

"डॉक्टरांनी सांगितलंय. आता चालेल."

"झोप येईल," तुम्ही म्हणालात. थांबलात. "जागं... राहू दे."

मला वाटलं, तुम्हाला काही बोलायचंय. मी स्टूल ओढून बसले. या वेळी मधे बोलायचं नाही असं ठरवलं. तुम्ही एकेक शब्द आणत होतात.

"अक्का... जेवली का?"

"जेवल्या. खाली बसल्यात. बोलावू?"

"थोड्यानं."

मग तुम्ही नुसते माझ्याकडे बघत राहिलात. मी कानांमागचा कापूस बदलला, ओठ ओल्या बोळ्यानं पुसले, उशी सरकवली. तुम्ही बघत होतात. वन्संना बोलावलं, त्या तुमचे पाय धरून बसल्या. दुपारी कधीतरी तुमचा श्वास दोन श्वासांमधे थांबायला लागला, आणि मग तो एकदा थांबला तो परत आला नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. मग सिलिंडर बंद केला, कारण माणूस नसताना चालू ठेवायचा नसतो. माझ्या बरोबरच्या सिस्टर रडत होत्या. मी तुमचा मास्क काढून तोंड पुसलं. गालावर मास्कची खूण उमटली होती, ती चोळली तरी गेली नाही.

तुम्हाला जागं कशाला राहायचं होतं, यावर मी खूप विचार करते. काही सांगायचं असेल आणि राहिलं असेल. नाहीतर नुसतं बघायचं असेल. वन्सं म्हणतात, "बघत व्हता ना तुज्याकडं? मग झाला तर." वन्संना ते पुरतं. मला अजून पुरलेलं नाही.

तेरावं झाल्यावर लछूशेठ स्वतः टेम्पोबरोबर आले. तुमची साखळी त्यांनी गजावरून सोडवली. ती तुम्ही अशी आवळली होती की त्यांना आणि त्यांच्या माणसाला दोघांना मिळून जोर लावावा लागला. "साईं का हाथ," ते म्हणाले, आणि टोपी काढून जरा वेळ उभे राहिले. त्या दिवशी वन्संनी त्या खोलीत निरांजन लावलं. लावण्याआधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ज्योत अगदी साधी जळत होती. वन्सं तिच्यासमोर बसल्या आणि मी दारात उभी राहिले. आत जाववेना. इतक्या दिवसांची सवय, त्या खोलीत दिवा दिसला की पाय थबकतात.

वन्सं गावी परत जायचं म्हणत होत्या. मी म्हणाले, "राहा." त्या म्हणाल्या, "तुला कशाला माजी अडगळ?" मी म्हणाले, "मला एकटीला स्वयंपाक करायचा कंटाळा येतो." त्यांनी पिशवी परत आत नेऊन ठेवली. तुमची बायको आणि तुमची बहीण, आम्ही आता दोघीच जेवायला बसतो. त्या माझ्या भातावर तूप वाढतात, मी नको म्हटलं तरी.

मी ड्यूटीवर जायला लागले. सगळे माझ्याशी हळू बोलतात, हलकी कामं देतात. काल मी सांगितलं, मला माझा वॉर्ड द्या. एक म्हातारे गृहस्थ आले आहेत, तुमच्यासारखीच छाती. त्यांची मुलगी दिवसभर उशाशी असते. मी औषध द्यायला गेले तर तिचा हात नॉबवर होता. पूर्वी मी ओरडले असते. वॉर्डात सगळे नातेवाईक मला त्याच कारणासाठी घाबरायचे. काल मला वन्संचे हात दिसले. दिवसभर आपलं माणूस गुदमरताना बघायचं आणि करायला काही नाही. मग हात आपोआप तिकडे जातो.

मी तिचा हात धरून नॉबवरून काढला आणि तिला जवळ बसवलं. गोळी कुठे असायला हवी ते दाखवलं. वर का न्यायची नाही, तेही सांगितलं, सावकाश, तिला कळेपर्यंत. ते फार झोपाळले, गाल लाल दिसले, हात थरथरले तर लगेच हाक मारायची. मग तिला कामं दिली. कानांमागे कापूस कसा ठेवायचा, ओठ कसे ओले करायचे, पुढे टेकून बसवताना हात कुठे टेकवायचे. तिनं सगळं लक्ष देऊन केलं. उशी ठेवताना तिच्या वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही किती नीट सांगता. तुमच्या घरी कोणी आहे का असं, ऑक्सिजनवर?"

"हो," मी म्हणाले. "आमचे मिस्टर आहेत."

बोलून गेले. दुरुस्त करावं म्हणून तोंड उघडलं. पण ती इतक्या आपुलकीनं बघत होती.

"मग आता कसे आहेत?" तिनं विचारलं.

मी ट्रे उचलला. "आता त्रास नाही त्यांना," म्हणाले, आणि पुढच्या बेडकडे गेले.